तू वाचतोस त्या पुस्तकांबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, मी असली प्रेमकथांची पुस्तकं वाचतो, त्यात काही चुकतंय का गं?" तुझ्याबरोबरच्या मुलांनी उशाजवळचं पुस्तक पाहिलं, मुखपृष्ठावरची जोडी पाहिली आणि दिवसभर तुझी टर उडवली. तू हे हसत हसतच सांगितलंस, पण तुझा आवाज मला कळतो. फोनवर असलं बोलणं धड होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

चुकत काही नाही. वाच. उजळ माथ्याने वाच.

जोडीदार कोण, घरच्यांशी कसं वागायचं आणि कशावर विश्वास ठेवून जगायचं, माणसाच्या आयुष्यातले सगळ्यांत मोठे निर्णय हेच. त्यांचा अभ्यासक्रम कुठेही नसतो. मुलींना निदान मैत्रिणी असतात बोलायला. मुलग्यांनी मात्र या विषयावर एक तर थट्टा करायची, नाही तर गप्प बसायचं, असा अलिखित नियमच आहे. प्रेम, घर आणि श्रद्धा एकाच गोष्टीत गुंफणारी पुस्तकं तुला आवडतात याचा मला म्हणूनच आनंद झाला. तू हा नियम मोडतो आहेस.

आणि अशा गोष्टी काही आजच्या नाहीत. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सावित्रीची कथा सांगतात, ती एकदा मुळातून वाच. लहानपणी ऐकलेली गोष्ट तिच्यापुढे फार त्रोटक वाटेल. सावित्री स्वतः रथात बसून वर शोधायला निघते. सत्यवानाचं एकच वर्ष उरलंय असं नारद सांगतात, वडील दुसरा वर पाहा म्हणतात, ती ऐकत नाही. तो दिवस जवळ आल्यावर ती तीन दिवसांचं व्रत करते, पण व्रत करून घरी बसत नाही. नवऱ्याबरोबर रानात जाते आणि पुढे यमाच्या मागे चालत, त्याच्याशी बोलत राहते. वर मागायची वेळ येते तेव्हा पहिला मागते सासऱ्यांच्या डोळ्यांसाठी. दुसरा त्यांच्या गेलेल्या राज्यासाठी. तिसरा आपल्या वडिलांना मुलगे व्हावेत म्हणून. नवऱ्याचे प्राण अगदी शेवटी. प्रेम, घरची माणसं, श्रद्धा, सगळं त्या एका चालण्यात आहे. मला ही कथा आजही नवी वाटते.

"शेवट गोड होणार हे आधीच ठाऊक असतं, मग वाचायचं कशाला?" असं तुझ्या मित्रांचं म्हणणं. रहस्यकथेतही खुनी सापडणार हे ठाऊक असतंच ना! या प्रकारात शेवटी दोघं एकत्र येणार हे लेखकाने वाचकाला दिलेलं वचन असतं. ती दोघं तिथवर कशी पोचतात, वाटेत काय सोडतात आणि काय सोडत नाहीत, हे पाहायला आपण वाचतो. तेव्हा या आक्षेपाचं फारसं मनावर घेऊ नकोस.

एक गोष्ट मात्र तुला सांगितलीच पाहिजे, कारण चांगलं पुस्तक आणि नुसतं गोडगोड पुस्तक यांतला फरक मला तिच्यामुळे कळला. आजी शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा मी त्यांना वाचून दाखवायचे. त्यांची देवावरची श्रद्धा तू पाहिली आहेसच. मला वाटलं, त्यांना नवस फेडल्याच्या, चमत्काराच्या, सगळं ठीक झाल्याच्या गोष्टी आवडतील. पण असं पान आलं, प्रार्थना केली नि लगेच ताप उतरला, रुसलेला मुलगा दारात हजर झाला, की त्या डोळे मिटून म्हणायच्या, "पुढे चल गं." आणि जिथे कुणी मनापासून मागितलं आणि मिळालं नाही, तिथे मला थांबवायच्या. "हे परत वाच." मग त्या पानावरचं माणूस पुढे काय करतं, हे कान देऊन ऐकायच्या. ते माणूस सकाळी उठून कामाला लागलं, कुणाशी तरी बरं बोललं, तर त्यांचा चेहरा निवायचा.

तेव्हापासून मी असं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की ते पान शोधते. मागितलेलं मिळालं नाही, त्यानंतर काय? लेखकाला त्या पानावर भीती वाटली आणि त्याने घाईघाईने सगळं जुळवून टाकलं, की ते पुस्तक माझ्यासाठी संपलं. तो तिथे टिकला, तर मी त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जाते.

तुझ्या उशाशी होतं ते इंग्रजी पुस्तक ख्रिस्ती श्रद्धेभोवती गुंफलेल्या प्रेमकथांच्या ज्या परंपरेतलं आहे, तिची आधुनिक वाट जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेच्या 'लव्ह कम्स सॉफ्टली' या १९७९ सालच्या कादंबरीने मोकळी केली असं मानतात. तिच्यात ते पान सुरुवातीलाच आहे. मार्टी नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे नवं घर मांडायला निघालेली, पोटात मूल, आणि वाटेतच अपघातात नवरा जातो. त्याला मूठमाती दिली जाते त्याच दिवशी क्लार्क नावाचा परका माणूस येऊन लग्नाचं विचारतो. त्याचीही बायको वारलेली, पदरात लहानगी मिसी. मुलीला आई हवी आणि हिला डोक्यावर छप्पर, एवढाच व्यवहार. वाचताना आधी त्याचा रागच येतो. पण त्याचं बोलणं नीट ऐक. वसंत ऋतूत पूर्वेकडे परतणारा तांडा निघेल, तेव्हा जावंसं वाटलं तर प्रवासाचा खर्च मी देईन, फक्त मिसीला बरोबर ने, असं तो सांगतो. आणि स्वतः वेगळा, घराला लागून काढलेल्या पडवीत झोपतो. तो जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करतो आणि मार्टीला कळतच नाही, हा कुणाशी बोलतोय. तो तिला समजावायला जात नाही. तिला त्याचा देव पुढे समजत जातो तो त्याच्या वागण्यातून. तिने मनात मागितलं असेल ते, तिचा पहिला नवरा, तिला परत मिळत नाहीच. पुस्तकाची भाषा साधी आहे, काही ठिकाणी फारच साधी. पण दार उघडं ठेवून वाट पाहणारा पुरुष तिच्यात मला भेटला, आणि तू तो नीट पाहावास असं मला वाटतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे 'जेन एअर'. शार्लट ब्राँटे ही धर्मोपदेशकाची मुलगी. तिचं हे पुस्तक १८४७ साली पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावाने निघालं. लोक ते अनाथ शिक्षिका जेन आणि ती जिथे शिकवते त्या घराचा मालक रॉचेस्टर यांची प्रेमकथा म्हणून वाचतात, आणि ती आहेच. ऐन चर्चमध्ये लग्न थांबतं, त्याची पहिली बायको जिवंत आहे आणि त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे, हे उघड होतं. तो विनवतो, आपण दूर निघून जाऊ, कोण विचारणार आहे? जेनचं त्याच्यावर जीवापाड प्रेम आहे, तरी पहाट व्हायच्या आत ती घर सोडते. तिला जवळ करणारं कुणी नाही, हाताशी पैसेही जवळजवळ नाहीत. हे पान आजींना नक्की आवडलं असतं.

पण मी तुला यातला दुसरा नकार वाचायला सांगणार आहे, त्याबद्दल लोक कमी बोलतात. पुढे तिला सेंट जॉन नावाचा तरुण पाद्री भेटतो. देखणा, निर्व्यसनी, कष्टाळू, धर्मासाठी भारतात जायला निघालेला. तो तिच्याकडून हिंदुस्तानी भाषेचा अभ्यास करून घेतो आणि मग लग्नाची मागणी घालतो. त्याचं तिच्यावर प्रेम नाही, हे त्यालाही माहीत आहे. कामाला योग्य बायको म्हणून ती त्याला हवी. जेन म्हणते, बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही. तो चिडत नाही. शांत, थंड आवाजात सांगतो की हा नकार तू मला देत नाहीस, देवाला देते आहेस.

बाळा, या जागी पुस्तक मिटून थोडा वेळ बस. सेंट जॉन दुष्ट नाही. ब्राँटेबाईंनी पुस्तकाच्या अगदी शेवटच्या ओळी त्यालाच दिल्या आहेत. चांगल्या माणसाच्या तोंडून आलेलं म्हणूनच हे वाक्य इतकं धोक्याचं आहे. देवाचं नाव घेऊन, घराण्याचं नाव घेऊन, आईवडिलांच्या डोळ्यांतलं पाणी दाखवून कुणी तुझ्याकडून होकार काढायला लागलं, तर तो होकार देऊ नकोस. त्यात मी असले तरी देऊ नकोस. आणि कुठल्या मुलीकडून तू तसा होकार कधीही मागू नकोस. आपली श्रद्धा जितकी खरी, तितकी ती दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायचा मोह मोठा, हे मी भल्या भल्या माणसांत पाहिलं आहे. जेन प्रेमासाठी सचोटी सोडत नाही आणि धर्मासाठी प्रेमही सोडत नाही. इतकी ताठ उभी राहिलेली नायिका मला दुसरी माहीत नाही. आणि शेवटी ती परतते तेव्हा रॉचेस्टर आंधळा झालेला असतो, एक हात गेलेला, घर जळून गेलेलं. गोड शेवट म्हणतात तो हा!

आता आपल्या भाषेतलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुझ्या कपाटात आहे, उघडलेलं दिसत नाही. ते आत्मचरित्र म्हणून ठेवलं जातं, पण प्रेम, कुटुंब आणि श्रद्धा यांवर त्याच्याइतकं खरं पुस्तक मी वाचलेलं नाही. लक्ष्मीबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवरा, नारायण वामन टिळक, कवी, बुद्धिमान, लहरी, खिशात पैसा न टिकणारा. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या बाईने काय मागितलं असेल देवाजवळ? हे होऊ नये, एवढंच. ते झालं. नवरा जिवंत असून काही वर्षं ती त्याच्यापासून दूर, मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिली. मग त्याच्याजवळ राहायला गेली ती स्वतःचा धर्म, स्वतःचं सोवळं घेऊन, वेगळी चूल मांडून. एका घरात दोन श्रद्धा. रोजचं पाणी कुणी भरायचं, कुणाच्या हातचं खायचं, इथपर्यंत प्रश्न. टिळकांनी तिच्यावर आपला धर्म लादला नाही. ती स्वतः विचार करत करत, एकेक विटाळ मनातून काढत पुढे गेली आणि १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला.

हे सगळं ती कसं सांगते ते वाच. रडगाणं नाही, उपदेश नाही. नवऱ्याच्या लहरींवर हसते, त्याच्यावर रागावते, आणि पानापानावर कळतं की या माणसावर तिचा किती जीव आहे. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांनी लिहायला घेतलेलं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ते बाईंनी पुढे नेलं, त्यातला बहुतेक भाग त्यांच्याच हातचा आहे. शाळेत न गेलेल्या बाईने नवऱ्याचं महाकाव्य पुढे लिहिलं! प्रेमाचा याहून मोठा पुरावा कुठल्या कादंबरीत सापडला तर मला जरूर कळव.

घरच्या माणसांबद्दल एवढंच सांगते, की प्रेमकथेत ती नुसती आडकाठी घालायला आणलेली असतील तर ते पुस्तक अर्धवट समज. रमाबाई रानड्यांच्या १९१०च्या आठवणी वाचशील तेव्हा दिसेल, तिला शिकवायचं नवऱ्याने मनावर घेतलं म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी तिला किती टोचून बोललं. तरी त्या बायका पुस्तकात खलनायिका होत नाहीत, माणसंच राहतात. ते तिला साधलं.

तुझ्या मित्रांशी वाद घालत बसू नकोस. त्यांच्यातला एखादा एकटा असताना हळूच पुस्तक मागेल, तेव्हा दे.

'जेन एअर' तू आधी वाचावंस, मग 'स्मृतिचित्रे'. आणि सेंट जॉनला जेनने दिलेलं उत्तर तुला पटलं की कठोर वाटलं, ते फोनवर सांगू नकोस, मला लिहूनच कळव. बाबांना ते कठोर वाटतं, आमचा त्यावरून वाद चालू आहे.

तुझी,
आई