मंत्रीसाहेब, घरात पाणी आहे, नळाला नाही

माननीय मंत्रीसाहेब,

सप्रेम नमस्कार. मी मूळची चिपळूणची, लग्न करून मॉरिशसला आले त्याला 14 वर्षं झाली. मागच्या गणेश चतुर्थीला तुम्ही आमच्या मंदिरात आला होतात, हार घालून घेतलात, दोन मोदक खाल्लेत (तिसरा मीच बांधून दिला होता) आणि माइकवर म्हणालात की पुढच्या पावसाआधी तुमच्या गल्लीचा ड्रेन पूर्ण. तो पुढचा पाऊस गेल्या मंगळवारी पडला. ड्रेन अर्धाच खणलाय आणि तो बरोब्बर आमच्या फाटकाशी येऊन संपतो, म्हणजे वरच्या अख्ख्या उसाच्या शेताचं पाणी गोळा करून माझ्या स्वयंपाकघरात सोडायची सोय झाली. आधी ते निदान चार घरांत वाटून जायचं. अभिनंदन.

फ्रिज गेला. गाद्या गेल्या, मुलीची वह्यापुस्तकं लगदा झाली, सासूबाईंना आम्ही टेबलावर बसवलं आणि त्या तिथे दोन तास देव्हारा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लहानपणी त्यांनी 1960 चं कॅरोल चक्रीवादळ बघितलंय, पत्र्याचं घर उडालेलं, नंतर लोकांनी काँक्रीटची घरं बांधली. त्या म्हणतात, छप्पर उडू नये म्हणून सिमेंट ओतलं, आता त्याच सिमेंटवर पाणी मुरत नाही.

आणि गंमत बघा, चिखल घोट्यापर्यंत आणि तो धुवायला नळाला थेंब नाही, तीन दिवस. पाऊस पडला की पाणी गढूळ म्हणून बंद, नाही पडला की मार ओ वाकोआ तलाव आटला म्हणून बंद. मग चालू कधी असतं हो? निम्म्याहून जास्त पाणी जुन्या पाइपांतूनच गळून जातं हे तर सगळ्या देशाला पाठ आहे, तरी गाडी धुऊ नका म्हणून उपदेश आम्हालाच.

तुमच्या खात्यात फोन केला तर साहेब म्हणाले, "क्लायमेट चेंज आहे मादाम, काय करणार." अहो माहितीये मला! 1950 च्या दशकापेक्षा पाऊस 8 टक्क्यांनी घटलाय आणि जो पडतो तो एकदम कोसळतो, फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडलीत, आम्ही बाप्पा विसर्जनाला नेतो तिथली वाळू दर वर्षी कमीच दिसते. जगाच्या धुरात आपला वाटा 0.01 टक्के, हे तुम्ही परदेशातल्या परिषदांत सांगता तेही खरं, टाळ्या मिळतात. पण ड्रेन अर्धा सोडला तो काय क्लायमेटने? कंत्राटदाराचं बिल क्लायमेटने पास केलं?

30 मार्च 2013 ला पोर्ट लुईमध्ये दोनेक तासांत दीडशे मिलिमीटर पाऊस झाला आणि 11 माणसं गेली, काही तर कोदांजवळच्या पादचारी बोगद्यात अडकून. तेव्हा म्हणालात परत होणार नाही. 15 जानेवारी 2024 ला बेलाल चक्रीवादळ आलं, लोक नेहमीसारखे कामावर गेलेले, आणि त्याच राजधानीत गाड्या कागदी होड्यांसारख्या वाहताना आख्ख्या जगाने बघितल्या. (म्हणालात म्हणजे तुम्ही नाही, आधीचे कोणीतरी. आम्हाला आता फरक कळत नाही, खुर्ची तीच, हार तोच.)

पाणथळ जागा बुजवून व्हिला कोण बांधतं, त्याला परवानगी कोण देतं? परदेशी पाहुण्याला समुद्र दिसला पाहिजे म्हणून आमचं पाणी समुद्रापर्यंत पोचत नाही, इतकं साधं आहे हे. 22 जुलै 2021 ला चिपळूणला आईच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, मी इथून नुसती फोन लावत बसले होते. तिथेही हेच, पाहणी, फोटो, आश्वासन. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोकणातून ऊस तोडायला बोटीने आलेली ही इथली मराठी माणसं, त्यांच्यासोबत सरकारी कारभारपण त्याच बोटीने आला की काय असं वाटतं कधीकधी.

मागणं फार नाही. ड्रेन पुढचे 60 मीटर खणा, नदीला जोडा. फ्रिजचे पैसे द्या म्हणत नाही, म्हणजे दिलेत तर घेईन.

परवासाठी परत मुसळधार पावसाचा इशारा आलाय, शाळा बहुतेक बंद. शेजाऱ्यांकडून आठ विटा आणल्यात, वॉशिंग मशीन त्यावर चढवायचंय, ह्यांना एकट्याला उचलत नाही, जाते.

– तुमच्याच मतदारसंघातली एक मतदार