दिवाळीनंतर वसतिगृह उघडणार आहे

पाथर्डी

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, ‘आता वसतिगृह बंद करणार का?’ असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा ऑफिसात माणसं बसली होती, नीट बोलता आलं नाही. वसतिगृह बंद होणार नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या हलायला लागतील. त्याच्या आत ऊसतोड कामगारांच्या मुलींची अंथरुणं आपल्याकडे लागलेली असतील.

परदेशातल्या मंडळीची मदत मात्र एप्रिलपासून थांबली. त्यांच्याबद्दल मनात काही ठेवू नका. त्यांच्या चर्चमध्ये रविवारी आता मोजकी म्हातारी माणसं येतात. त्यांनी वर्षभर आधी कळवलं होतं. मुंबईच्या एखाद्या मोठ्या संस्थेने तिच्याकडच्या निधीतून द्यावं, असं कमिटीत कुणी सुचवलं. पण आलेला परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देणं २०२० पासून कायद्यानेच बंद आहे.

मग एका कंपनीचे लोक येऊन गेले. मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, त्यातून नवी इमारत बांधून द्यायची त्यांची तयारी होती. वॉर्डनबाईंचा पगार, किराणा, औषधपाणी यांतलं काही त्यात बसत नव्हतं. आणि पाटीवरचं ख्रिस्ती नाव बदललं तर सोपं जाईल, असंही म्हणाले. मी नाही म्हटलं. वंजारी, बंजारा, बौद्ध, मुसलमान, सगळ्या घरच्या मुली इथे राहतात. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायची सक्ती कुणावर नाही, हे त्यांच्या आईबापांना ठाऊक आहे आणि ते याच नावावर विश्वास ठेवून लेकी सोडून जातात. इमारत आपल्याला आहे ती पुरते.

या वर्षी नवीन मुली घ्यायच्या नाहीत, असं कमिटीत ठरलं होतं. ठराव लिहून झाला आणि त्याच आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीची आई आली. बरोबर धाकटी, सहा वर्षांची. त्या बाईने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, नवराबायकोचा कोयता (दोघांची जोडी) कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर जाणार. ती म्हणाली, “हिला नाही घेतलं तर मोठीलाबी न्यावं लागंल. फडात हिला कोण बघणार?” आई, असंच होतं गं. धाकट्याला सांभाळायला म्हणून मोठीची शाळा सुटते आणि एकदा सुटली की तेरा-चौदाव्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मी धाकटीचं नाव रजिस्टरात लिहिलं आणि मग कमिटीला फोन केला. ठराव बदलला. ज्यांची बहीण आधीच आपल्याकडे आहे, त्यांना घ्यायचं. बाकीच्यांना नाही म्हणावं लागतंय, ते फार जड जातं.

बाबा, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दाखवायला तुम्हीच मला नेलं होतंत. अमेरिकेतल्या मंडळींनी रमाबाईंना मदतीचं वचन दिलं ते दहा वर्षांपुरतं. १८८९ मध्ये त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं आणि ती मुदत संपायच्या आतच त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळबाग धरायला सुरुवात केली, पुढे संस्थेचा खर्च तिच्यातून निघावा म्हणून. मग १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली त्याच जमिनीवर येऊन राहिल्या. हल्ली मला हे सारखं आठवतं.

आपल्याकडे बाग नाही, पण माणसं आहेत. उपकारस्तुतीच्या सणाला चर्चमध्ये आलेली बाजरी आणि ज्वारी यंदा लिलावात न काढता थेट आपल्या कोठीत आली. एका आजींची कोंबडी तेवढी लिलावात निघाली. घेणाऱ्याने ती परत अर्पण केली, पुन्हा बोली लागली, असं बराच वेळ चाललं होतं! नगर-पुण्यातली काही घरं दरमहा ठरावीक रक्कम पाठवतात. नव्या कररचनेत अशा देणगीवर करसवलत मिळत नाही, तरी त्यातल्या कुणी हात आखडता घेतलेला नाही. महिन्याचा जमाखर्च आम्ही चर्चच्या दारावर लावतो, लोक उभे राहून वाचतात, तेलाचा भाव एवढा कसा म्हणून विचारतात. मला ते फार आवडतं. फेब्रुवारीपर्यंतचा किराणा सुटला आहे. मार्च-एप्रिलचं अजून जुळलेलं नाही, ते तुमच्यापासून लपवत नाही. आधी स्वयंपाकाच्या मावशी आणि वॉर्डनबाई यांचे पगार होतात, माझा सगळ्यांच्या शेवटी. आई, रागावू नकोस.

एफडी मोडायचं बोलत होतात, ते अजिबात करू नका. तो पैसा तुमच्या दवाखान्याचा आहे. त्याऐवजी बाबा, नोव्हेंबरमध्ये इकडे या. आठवी-नववीच्या मुलींना गणिताला कुणी नाही आणि तुमच्याइतकं सावकाश शिकवणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. आई, तूही ये, कोठीचा हिशोब तुझ्या नजरेखालून जाऊ दे. खालची खोली तुमच्यासाठी रिकामी करून ठेवते, जिने चढावे लागणार नाहीत. बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या बरोबर घ्या, इथे त्याच कंपनीच्या मिळतील याची खात्री नाही. कोणत्या गाडीने येताय ते कळवा, स्टँडवर घ्यायला येते.

तुमची,
ताई