चिखलातून एकट्याने उचलता येईल ती गाडी

सोलापूर,
५ सप्टेंबर २०२५

प्रिय अभिजित,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० मोटारसायकलचं बुकिंग अजून केलं नाहीस हे वाचून बरं वाटलं. तुला एकच गाडी हवी आहे. शुक्रवारी तिने पुण्याहून सोलापूरचा अडीचशे किलोमीटरचा हायवे काढायचा आणि रविवारी आपल्या पाणंदी, माळ, ओढे तुडवायचे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मनात शंका राहणार नाही. खरंच मातीत चालवायची असेल तर हलकी गाडी घे, आणि हायवेचा प्रश्न वेगळा सोडव. त्यावर माझ्याकडे एक तोड आहे, ती शेवटी सांगतो.

आधी वजन. हिमालयन ४५० पेट्रोल-ऑइलसकट १९६ किलो. हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही १५९ च्या आसपास. कावासाकी केएलएक्स २३० तर १३९ वरच आहे. कोणताही आकडा वाचताना तो पेट्रोल धरून आहे की पेट्रोलशिवाय, हे बघत जा. लिटरला साधारण पाऊण किलो धर. हिमालयनच्या १७ लिटरच्या टाकीत साडेबारा किलो नुसतं पेट्रोल असतं, आणि तेही उंचावर.

आता तुझं ७५ किलो वजन यात धर. सरळ रस्त्यावर तुझ्यासकट हिमालयन २७१ आणि एक्सपल्स २३४ होते, म्हणजे फरक सोळा टक्क्यांचा. शोरूमबाहेर चक्कर मारताना तो जाणवतसुद्धा नाही, आणि बरेच जण तिथेच फसतात. पण मातीत गाडी नुसत्या हँडलने वळत नाही. उभं राहून, फुटरेस्टवर वजन टाकून, अंगाने वळवावी लागते. तुझं वजन हिमालयनच्या ३८ टक्के आहे, एक्सपल्सच्या ४७ आणि केएलएक्सच्या ५४. हे प्रमाण जितकं जास्त, तितकी गाडी तुझं ऐकते. मागचं चाक घसरलं तर १३९ किलोची गाडी मांडीच्या रेट्याने जागेवर येते. १९६ किलोची गाडी आपल्या वेगाने जिकडे निघाली तिकडेच जाते आणि तुला तिच्या मागे जावं लागतं.

हे सगळीकडेच खरं आहे, पण सोलापुरात जास्त, आणि त्याचं कारण आपली काळी जमीन. भिजली की ती फुगते, टायरला चिकटते आणि थरावर थर चढत जातो. शंभर-दोनशे फुटांत टायरची नक्षी बुजते, मग चाक आणि मडगार्ड यांच्यात माती ठासून बसते आणि पुढचं चाक फिरायचंच थांबतं. डर्ट बाइकचं पुढचं मडगार्ड उंच असतं ते यासाठी. खाली चिकटून मडगार्ड असलेल्या गाडीला आपला चिखल आधी पकडतो. अशा वेळी क्लच धरून रेस करत बसायचं नाही. थांबून काडीने किंवा टायर लिव्हरने माती काढायची. जड गाडीवर माणसं नेमकं उलटं करतात: पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून रेटत राहतात. पाच मिनिटांत जळका वास येतो आणि प्लेटा गेलेल्या असतात. रेडिएटरवर चिखल वाळला तर पंखा सतत चालू राहतो आणि तापमानाचा काटा चढतो, म्हणून चिखलातून बाहेर आल्यावर रेडिएटर आधी पाण्याने धू, पण लांबून आणि कमी जोराने. प्रेशरच्या पाण्याने जाळीच्या पात्या वाकतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिन्समध्येही माती बसते, ती ओली असतानाच काढ.

मागचं चाक एक्सलपर्यंत रुतलं तर गॅस बंद कर. फिरणारं चाक खड्डाच खोदतं. उतरून गाडी हळूच एका कुशीवर आडवी कर, चाकाखालच्या खड्ड्यात दगड, उसाचं पाचट, तुराट्या जे मिळेल ते भर, आणि पुढचं चाक ओढून ताज्या जमिनीवर घे. मग उभी कर. आडवी असताना टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपतं, तेव्हा रेंगाळू नको. एक्सपल्सवर हे काम एकटा माणूस करू शकतो. लेग गार्ड, खालची प्लेट, कॅरिअर आणि बॅगा लावलेली हिमालयन २१५ च्या पुढे सहज जाते. तिला दोन माणसं लागतात. आपल्या शिवारात दुपारी दुसरा माणूस शोधायला किती चालावं लागतं, ते तुला ठाऊक आहे.

उचलायची पद्धतही लिहून ठेवतो, कारण पाठ याच कामात जाते. किल्ली बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेव, नाहीतर उभी करताना ती पलीकडे जाईल. हँडल असं पूर्ण वळव की पुढचं चाक जमिनीकडे तोंड करेल. गाडीकडे पाठ करून सीटला टेक, एक हात खालच्या ग्रिपवर, दुसरा ग्रॅब रेलला किंवा फ्रेमला. पाठ सरळ ठेवून छोट्या पावलांनी मागे रेटत जा. जोर मांड्यांचा. इंजेक्शनच्या गाड्यांत पडल्यावर सेन्सर इंजिन बंद करतो, म्हणून किल्ली एकदा बंद-चालू केल्याशिवाय स्टार्टर मारून बॅटरी संपवू नको.

सीटच्या उंचीवरून तू घाबरला आहेस हे कळलं. हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर येते, एक्सपल्स २०० ची साधारण तेवढीच, पण तिच्या प्रो मॉडेलची ८९१ आणि केएलएक्सची ८८०. तरी उंची आणि वजन यांचा हिशोब एकत्र करायचा असतो. हलकी उंच गाडी एका पायाच्या चवड्यावर धरता येते. जड गाडीवर दोन्ही तळवे टेकले तरी ती थोडी जास्त कलली की पाय धरत नाही. सीट कापून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नको. फोम कमी झाला की गुडघे जास्त दुमडतात आणि उभं राहायला त्रास होतो.

सस्पेन्शनबद्दल लोक फक्त ट्रॅव्हलचा, म्हणजे चाक किती वर-खाली जाऊ शकतं त्याचा, आकडा सांगतात. हिमालयनला पुढेमागे २०० मिलिमीटर, एक्सपल्सला १९० आणि १७०, प्रोला २५० आणि २२०, केएलएक्सला २४० आणि २५०. कागदावर हिमालयन साध्या एक्सपल्सपेक्षा पुढे दिसते. पण बांधावरून उतरताना त्या २०० मिलिमीटरवर ४० किलो जास्त आदळतात, त्यामुळे तळ लवकर गाठला जातो आणि दगड थेट खालच्या प्लेटवर बसतो. गाडी कोणतीही घे, सॅग, म्हणजे तू बसल्यावर ती किती दबते ते, मोजल्याशिवाय मातीत घालू नको. मागचं चाक अधांतरी करून एक्सलपासून सरळ वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत टेपने माप घे. मग हेल्मेट, बूट, पाठीवरच्या पाण्यासकट बस, दुसऱ्या कोणाला तेच माप घ्यायला सांग. फरक ट्रॅव्हलच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका हवा, म्हणजे १७० ला ५० ते ५५, २०० ला ६० ते ६५. जास्त येत असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, वाढव. प्रीलोड पूर्ण पिळूनही जास्तच येत असेल तर स्प्रिंग तुझ्या वजनाला मऊ आहे, ती बदलावी लागेल.

चेनचा ताण याच वेळी बघ. पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात ताठ असते. दोघांना गाडीवर बसवून ती स्थिती आण. तेव्हाही चेन बोटाने थोडी वर-खाली हलली पाहिजे. स्टँडवर असताना घट्ट केलेली चेन मातीत उसळताना गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते.

टायरवर मी सर्वात जास्त भांडेन. या तिन्ही गाड्यांना पुढे २१ इंची चाक आहे, ते चाकोरीत आणि दगडांत चांगलं चालतं. मागे एक्सपल्स आणि केएलएक्सला १८ इंची, हिमालयनला १७. ठोकळ्यांचे खरे ऑफ-रोड टायर १८ मध्ये जास्त मिळतात. हवा: हलक्या गाडीला मुरमाड माळावर पुढेमागे १८ ते २० पीएसआय, मऊ मातीत थोडी कमी. हिमालयनला २२ ते २५ च्या खाली जाऊ नको, दगडावर रिम वाकेल. ट्यूबच्या टायरमध्ये १५ च्या खाली गेलास आणि रिम लॉक (टायर रिमला आवळून धरणारी पकड) नसेल, तर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून तुटतो. आणि आपल्याकडे काटे. साधी बाभूळ कमी पडली म्हणून वेडी बाभूळ प्रत्येक ओढ्याकाठी आहेच. जाड ट्यूब घाल, आणि सोबत २१ इंची एकच जादा ट्यूब ठेव: अडचणीत ती १८ इंची मागच्या चाकातही बसते. शहरात परत येईपर्यंत पुरते. ट्यूबलेस स्पोक रिमचा पर्याय हिमालयनला मिळतो, आणि बारीक काट्यावर तो उत्तम, गोंदाची वात घातली की काम झालं. मात्र दगडाने रिमची कड वाकली आणि हवा निघाली, तर ट्यूबलेस रिमचा टायर हाताने सोडवणं फार कष्टाचं असतं, कारण आतल्या उंचवट्यामुळे त्याची कड निसटत नाही. काट्यांच्या मुलखासाठी तरीही मी ट्यूबलेसच घेईन.

गिअरिंग एका वाक्यात: १३-४० दातांच्या जोडीत पुढचा स्प्रॉकेट १२ केलास तर ते मागे तीन दात वाढवल्यासारखं होतं, पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने ओढा पार होतो, आणि हायवेवर त्याच स्पीडला इंजिन जास्त ओरडतं.

आता जड गाडीच्या बाजूनेही सांगायला हवं. हायवेवर हिमालयनचे ४० पीएस आणि सहा गिअर खरोखर आराम देतात. शंभरच्या स्पीडला ती शांत असते, ट्रक ओलांडायला ताकद उरते, आडवा वारा तिला हलवत नाही. मागे वहिनी आणि दोन बॅगा असतील तर एक्सपल्सचे १९ पीएस थकतात. ती ८०-९० वर सुखी असते, त्यापुढे हातापायाला झिणझिण्या. सोलापूर ते विजापूर, तिथून हंपी, असा प्रवास आणि वाटेत वीस-पंचवीस किलोमीटर कच्चा, कोरडा रस्ता, हे तिचं खरं काम. तिथे मी तिलाच पुढे करेन. फक्त पत्र्याच्या पेट्या लावू नको. चाकोरीत पाय टेकला तर पेटी पोटरीवर येते आणि हाड मोडतं. कापडी बॅगा घे, आणि जड सामान मागच्या एक्सलच्या पुढे ठेव, नाहीतर पुढचं चाक हलकं होऊन वाळूत भरकटेल.

डकार रॅलीचा दाखला देऊन मोठं इंजिनच हवं म्हणणारे तुला भेटतील. २०११ पासून डकारमध्ये मोटारसायकलींना ४५० सीसीची मर्यादा आहे. २०२४ ला हिरोच्या संघाचा रॉस ब्रँच दुसरा आला तोही ४५० वरच. आणि त्या ४५० चा हिमालयनच्या वजनाशी काही संबंध नाही.

कावासाकीच्याच केएक्ससारख्या निव्वळ रेसच्या डर्ट बाइककडे मात्र वळू नको. तिला नंबर मिळत नाही, म्हणजे पाणंदीपर्यंत पिकअपमध्ये न्यावी लागते. इंजिन ऑइल किलोमीटरवर नाही, चालवलेल्या तासांवर बदलायचं, साधारण दहा-पंधरा तासांनी. पिस्टनचाही तासांचा हिशोब. आठवड्याला एकदा चालवणाऱ्याला ते ओझं आहे.

मग तोड अशी. गाडी सोलापुरातच ठेव, आमच्या वाड्यात जागा आहे. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने ये, सोमवारी सकाळच्या हुतात्माने परत जा. हायवेचं ओझं गाडीवरून उतरलं की निवड सोपी होते. खर्च आवरायचा असेल तर जुनी एक्सपल्स २०० फोर-व्ही, शक्यतो २०२३ नंतरची, कारण तिच्यात एबीएसचे तीन मोड आहेत आणि उतारावर मातीत त्याने फरक पडतो. थोडी ताकद हवी असेल तर २०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१०, लिक्विड कूल, सहा गिअरची, १७० किलोच्या आसपास. केएलएक्स या सगळ्यांत मातीत उजवी, पण टाकी साडेसात लिटरचीच आहे. जुनी गाडी बघताना फ्रेमच्या मधल्या भागाची वेल्डिंग, हँडलच्या कोन बेअरिंगचा खटका, मागच्या स्प्रॉकेटचे दात झिजून आकड्यासारखे वाकडे झालेत का आणि एअर फिल्टरच्या पेटीत आतल्या बाजूला धूळ आहे का, हे चार बघ. पेटीच्या आत धूळ असेल तर इंजिन माती खाऊन बसलं आहे, ती गाडी सोड.

कधी आणि कुठे जायचं तेही ठरवून ठेवू. मोठा पाऊस पडला की काळ्या रानाकडे फिरकायचं नाही. वाफसा आला की पाणंदी चालू होतात. पण याच महिन्यात ज्वारीची पेरणी सुरू होते, तेव्हा बांध सोडून आत चाक घालायचं नाही. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर होतात, तिथे पाय खाली न सोडता, नजर लांब ठेवून जायचं. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तेव्हा करमाळ्याकडचा गाळ वरून भेगाळलेला, टणक दिसतो. खाली तो ओला असतो, आणि गाळपेरीचं रानही तेच, म्हणून तिकडे फक्त कडेकडेने. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे तर गाडी न्यायचीच नाही. माळढोक एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. शेजारचे माळही लांबूनच बघायचे. आपल्याला सांगोल्याकडचे मुरमाड माळ आणि मंगळवेढ्याकडचे कोरडे ओढे पुष्कळ आहेत, मालकाला विचारून.

पुढच्या पत्रात दोन मापं कळव: अनवाणी उभा राहून तळव्यापासून जांघेपर्यंतची उंची, आणि बूट-हेल्मेट घालून केलेलं वजन. त्यावरून इथल्या मेकॅनिकला स्प्रिंग आणि हँडल उंच करणारे रायझर सांगून ठेवतो. गुडघ्यापर्यंतचे बूट तू पुण्यातूनच घेऊन ये, इथे मापाचे मिळत नाहीत. घोट्यापर्यंतचे चालणार नाहीत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शिवानंद