बाबा, खांद्याचं दुखणं अंगावर काढू नका

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा व्हिडिओ कॉल चालू असताना तुम्ही फळीवरचा डबा काढायला गेलात. उजवा हात वर जायच्या आधीच अख्खा खांदा कानाशी गेला आणि शेवटी डबा डाव्या हाताने उतरवलात. तेव्हा मी गप्प बसले, पण रात्री झोप लागली नाही. दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा असाच हात उचलत होते.

तुम्हाला काळजी नको म्हणून तेव्हा सांगितलं नाही. डोक्यावर वजन उचलताना खांद्यात कळ यायची. अंग तापलं की ती दबायची, म्हणून मला वाटायचं व्यायामानेच बरं होतंय. रात्री त्या कुशीवर वळलं की मात्र जाग यायची. गोळ्या घेत तीन महिने रेटलं. एक दिवस कुर्ता घालताना हात मागे जाईना, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. खांद्यातला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, अर्धवट फाटला होता.

खांद्याची खोबण फार उथळ असते. हाडाचा गोळा तिच्यात धरून ठेवतात ते रोटेटर कफचे चार स्नायू. त्यांतल्या वरच्याचा टेंडन हाडाच्या छपराखालून जातो. तो सुजला की हात साधारण 60 ते 120 अंशांत असताना चिमटा बसतो. तुमचा हात नेमका तिथेच अडत होता. साठीनंतर हे टेंडन बऱ्याचदा आधीच झिजलेले असतात. चीर असेल आणि त्यावर वजन घेत राहिलं तर ती वाढू शकते. टेंडन पूर्ण तुटला तर टोक मागे ओढलं जातं, स्नायूत चरबी भरत जाते आणि मग शस्त्रक्रिया करूनही पूर्वीची ताकद येईलच असं नाही. गोळी घेऊन डंबेल्स उचलता त्याची मला म्हणूनच धास्ती वाटते. थांब म्हणून सांगणारी कळच तुम्ही बंद करताय.

आई, तू आता त्यांना हात हलवूच देणार नाहीस, पण तेही नको. हात बांधून ठेवला तर खांदा आखडतो, आणि बाबांना मधुमेह असल्याने फ्रोझन शोल्डरचा धोका जास्तच.

बाबा, निवृत्तीनंतर सकाळचा तो एक तास तुमच्यासाठी काय आहे ते मला माहीत आहे. तो सोडा असं मी म्हणत नाही. चाला, पायांचे व्यायाम करा. फक्त डंबेल्स, जोर आणि डोक्यावर हात नेऊन करायचं सगळं तपासणी होईपर्यंत बंद. पुढे काय आणि किती करायचं ते फिजिओथेरपिस्ट सांगतील. मी वेळेत गेले असते तर माझे सहा महिने वाचले असते.

मंगळवारी सकाळची अपॉइंटमेंट घेतली आहे. मी सोमवारी रात्री पोचते. किती दिवस दुखतंय आणि कोणत्या गोळ्या घेताय ते तोवर कागदावर लिहून ठेवा, काही न लपवता.

तुमची,
लेक