फोटोखाली सेकंदही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही नॉर्दर्न लाइट्सवर, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे रात्री आकाशात दिसतो त्या रंगीत उजेडावर, अर्धं पान दिलंत. हिरवंगार आकाश, खाली बर्फात एक लाल लाकडी घर, आणि मथळा की आयुष्यात एकदा तरी बघाच. फोटो सुंदर आहे, वादच नाही. फोटोखाली गावाचं नाव आहे, कोणी काढला ते आहे, फक्त कॅमेरा किती सेकंद उघडा ठेवला होता ते नाही. आणि सगळी गोम त्या सेकंदांत आहे हे मी माणशी साडेतीन लाख घालवून शिकून आलेय, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण सेकंदांचं कापू नका.

आम्ही चौघं गेलेलो, मी, आमचे हे, माझ्या नणंदबाई आणि त्यांचे मिस्टर. सगळे साठीच्या पुढचे, म्हणजे गुडघे आणि पेन्शन दोन्ही सांभाळून. डिसेंबरचा दुसरा आठवडा, नॉर्वेमधलं ट्रॉम्सो, मुक्कामाच्या ४ रात्री. निघायच्या आधी एका टूरवाल्यांच्या प्रेझेंटेशनला गेलो तर तिथे हॉल भरलेला, चहा-बिस्किटं, आणि पडद्यावर एकामागून एक हिरवे फोटो. दोन गोष्टी ठासून सांगितल्या. एक म्हणजे 'दिसण्याची गॅरंटी', आणि दुसरी म्हणजे सूर्य आत्ता जोरात आहे, आत्ता गेला नाहीत तर मग ११ वर्षं थांबा. नणंदबाई माझ्या कानात म्हणाल्या, ११ वर्षांनी आपण कुठे असू गं. झालं, तिथेच चेक फाडला.

तर आधी ह्या ११ वर्षांचं. हे लाइट्स सूर्यामुळेच होतात आणि त्याच्या खळबळीचं साधारण ११ वर्षांचं चक्र असतं हे खरं, आणि आत्ताचं चक्र शिखरावर पोचलंय असं नासाने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं हेही खरं. पण ट्रॉम्सो आहे उत्तर अक्षांश साडे-एकोणसत्तरच्या आसपास, आर्क्टिक सर्कलच्याही साडेतीनशे किलोमीटर वर. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती जे प्रकाशाचं कडं असतं ना, गाव नेमकं त्याच्या खाली येतं. सूर्य शांत असलेल्या वर्षांतसुद्धा तिथे लाइट्स दिसतातच. सूर्य खवळला तर ते कडं पसरून दक्षिणेकडे सरकतं, म्हणून फायदा जर्मनी-इंग्लंडवाल्यांना जास्त. मे २०२४ मध्ये तसं मोठं सौर वादळ आलं तेव्हा आपल्या लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी आकाशातला लाल उजेड टिपला, ते फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरलेच असतील. म्हणजे '११ वर्षं थांबा' ही भीती ट्रॉम्सोला जाणाऱ्याला घालायची काही गरज नव्हती. चेक फाडून झाल्यावर कळलं, काय करणार.

पहिल्या रात्री पाऊस. बर्फ नाही हो, पाऊस! तिथल्या समुद्रात अटलांटिकचा कोमट प्रवाह येतो त्यामुळे किनाऱ्यावर एवढ्या उत्तरेला असूनही थंडी फार नसते, आम्ही उतरलो तेव्हा शून्याच्या जेमतेम खाली होतं. (आपल्याकडे ९ अंश झाले की तुम्ही 'पुणे गारठले' छापता, पण ते असो.) थंडी कमी म्हणून आनंद झाला, पण तोच समुद्र ढग आणतो हे कुणी बोललंच नव्हतं. आमचे हे महिनाभर आधीपासून मोबाइलवर तो केपी नावाचा आकडा बघत बसलेले, ० ते ९ असतो, जितका जास्त तितकं चुंबकीय वादळ मोठं. त्या रात्री केपी ५ आला म्हणून हे लॉबीत उड्या मारायचे बाकी होते आणि बाहेर छत्री लागत होती. रिसेप्शनवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की इथे २ सुद्धा पुरतो, तुम्ही ढगांचा नकाशा बघा. एवढं एक वाक्य प्रेझेंटेशनमध्ये सांगितलं असतं तर!

दुसऱ्या रात्री आकाश अर्धं मोकळं झालं. गावाबाहेर एका खाडीकाठी नेलं, पायाला ते खिळेवाले पट्टे बांधून, कारण रस्त्यावरचं बर्फ म्हणजे तेल सांडलेली फरशी. तासभर काही नाही. मग उत्तरेला डोंगरावर एक फिकट करडा पट्टा दिसायला लागला, बंबातून धूर निघावा तसा. नणंदबाई म्हणाल्या, आले परत ढग. गाइड म्हणाला फोन धरा. ह्यांनी फोन कठड्याला टेकवून ३ सेकंद ठेवला, आणि स्क्रीनवर हिरवं! डोळ्यांना करडं, फोनमध्ये पोपटी. आम्ही चौघंही आळीपाळीने वर बघतोय, खाली बघतोय, वर बघतोय. नणंदेचे मिस्टर म्हणाले, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालेलं नाही वाटतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालंय. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या वेगळ्या असतात, आणि ह्या दुसऱ्यांना रंग कळत नाही. आपल्याकडे चांदण्यात अंगणातली जास्वंद काळी दिसते, तसंच. कॅमेरा मात्र ३ सेकंद, ५ सेकंद, १० सेकंद उजेड साठवत बसतो, म्हणून त्याला रंग मिळतो. फोटो खोटा नाहीये, हिरवा प्रकाश तिथे असतोच, पण कॅमेऱ्याला दिसतं तेवढं माणसाच्या डोळ्याला कमी उजेडात दिसत नाही. तिथल्या गाइडना हे इतकं माहितीय की धूसर काही दिसलं की पहिल्यांदा फोन रोखतात, हिरवं उमटलं तर लाइट्स, नाहीतर ढग. आपल्या टूरवाल्यांनाही माहीत असणारच ना, दर वर्षी माणसं घेऊन जातात!

आमच्या बसमध्ये एक तरुण जोडपं होतं, पिंपरीचं, हनिमूनला आलेलं. ती मुलगी रडवेली झाली. म्हणाली, काकू, आम्हाला वाटलं आकाश सगळं हिरवं होतं. तिला मी काय सांगणार, मलाही तेच वाटलेलं.

तिसऱ्या रात्री मात्र. संध्याकाळी ६ला मिनीबसने निघालो, ड्रायव्हर आणि गाइड दोघं सॅटेलाइटवरचे ढग बघत बघत गाडी आत आत घेत होते, समुद्रापासून लांब, स्किबॉटनच्या दरीतून थेट फिनलंडच्या हद्दीजवळ. डोंगर ओलांडला की पाऊस अडतो, आपल्या घाटासारखंच, ताम्हिणीत धो धो आणि इकडे पौडला रस्ता कोरडा. तिथे उतरलो तर उणे २१. नाकातले केस कडक होतात हे मला पहिल्यांदा कळलं. त्यांनी वरून घालायला जाड सूट दिलेले, पण आतमध्ये मी कॉटनचा पंजाबी ड्रेस घातलेला ही घोडचूक, कॉटनमध्ये घाम धरून राहतो आणि मग आतूनच गार व्हायला लागतं. लोकरीचं आतलं घ्या, माकडटोपी घ्या, कोण हसत नाही तिथे.

साधारण सव्वादहाला सुरू झालं. आधी तोच करडा पट्टा, मग तो उजळत गेला आणि एका क्षणी डोळ्यांना स्वच्छ हिरवा दिसला, कॅमेऱ्याशिवाय. मग हलायला लागला. दोरीवर वाळत घातलेलं नऊवारी वाऱ्याने हलावं तसं, फक्त वारा अजिबात नव्हता आणि आवाजही काही नव्हता, एवढं मोठं काहीतरी चाललंय आणि आवाज नाही ह्याचीच मला जास्त भीती वाटली. खालच्या काठाला मिनिटभर गुलाबी किनार आली. नणंदबाई नुसतं अगं बाई अगं बाई करत होत्या. हे काहीच बोलले नाहीत, आणि ४० वर्षांच्या संसारात हे काही बघून गप्प बसलेत असं मी तरी पाहिलं नव्हतं. ११ मिनिटं, मी घड्याळ बघितलं. नंतर पुन्हा धूर. फोटो एकही धड नाही, कारण थंडीने ह्यांचा फोन ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडला आणि माझा पर्समध्ये होता.

परत येताना बसमध्ये गाइडने रंगांचं समजावलं ते मला फार आवडलं. सूर्याकडून आलेल्या वाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जी ढवळाढवळ होते तिच्यातून इलेक्ट्रॉन वेगाने खाली येतात आणि हवेतल्या अणूंवर आदळतात. शंभरेक किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजेड देतो. त्याच्या खूप वर, २०० किलोमीटरच्या पुढे, तोच ऑक्सिजन लाल देतो. लाल उजेड बाहेर पडायला त्या अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, खाली हवा दाट, तेवढ्या वेळात कुणीतरी धडकतंच आणि लाल द्यायचं राहून जातं, म्हणून लाल फक्त उंचावर. गुलाबी काठ नायट्रोजनचा. हे ऐकल्यावर ह्यांना हानलेचा उलगडा झाला, लडाखमधून क्षितिजावर फक्त वरचं टोक दिसणार, म्हणून तिथलं सगळं लाल. आणि हो, सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेल्या आपल्या आदित्य-एल१ यानावर सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण आहे ती आपल्या पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेने बनवलीय, हे ह्यांनी त्या गाइडला इतक्या अभिमानाने सांगितलं की जणू काही स्क्रू ह्यांनीच पिळलेत.

चौथ्या रात्री परत ढग. म्हणजे ४ रात्रींत एक करडी, एक खरी. 'गॅरंटी'चं विचारलं तर कळलं की दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत बसने नेणार, जागा असेल तर, आणि फोनमध्ये हिरवं आलं की 'दिसलं' धरतात. आता ह्याला गॅरंटी म्हणायचं का ते वाचकांनी ठरवावं. मी तर म्हणेन कमीत कमी ४-५ रात्री हातात ठेवा, आणि दोन रात्रींची 'आर्क्टिक झलक' वगैरे कुणी विकत असेल तर ते पैसे सरळ लॉटरीत घाला.

एक गोष्ट मात्र कुठल्याही जाहिरातीत नव्हती आणि मला लाइट्सइतकीच आवडली, दुपार. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोला सूर्य उगवतच नाही. मला वाटलं म्हणजे २४ तास काळोख, पण तसं नाही. सकाळी दहाच्या सुमारास निळं व्हायला लागतं, बारा वाजता दक्षिणेला केशरी, आणि दोनपर्यंत परत निळं होऊन विझतं. पहाट होते आणि सूर्य न येताच तिची संध्याकाळ होते. लोकमान्यांनी १९०३ मध्ये वेदातल्या उषेच्या सूक्तांवरून, ती दिवसेंदिवस चालणारी पहाट ध्रुवाकडचीच असणार, आपले पूर्वज तिथलेच, असं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. अभ्यासक आज ते मानत नाहीत हे मला माहितीय, उगाच पत्रं पाठवू नका. पण त्या केशरी उजेडात पुलावर उभं राहिल्यावर टिळकांना काय सुचलं असेल ते जरा कळलं. तिथे न जाता सुचलं हे विशेष.

खाण्याचं थोडक्यात. रेनडिअरचं सूप आणि मासे सगळीकडे, शाकाहारी माणसाने भाजणी, मेतकूट, बाकरवडी न्यावी, पेढे नेऊ नयेत कारण युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तिथलं चलन क्रोन, आम्ही गेलो तेव्हा एक क्रोन म्हणजे आपले ८-९ रुपये होते, कॉफी पिताना गुणाकार करू नका.

तर संपादक महोदय, मी जाऊ नका असं अजिबात म्हणत नाहीये. ती ११ मिनिटं मला परत दिली तर मी परत साडेतीन लाख काढीन, ह्यांना न विचारता. पण सोसायटीतल्या तीन जणांनी तुमची पुरवणी कापून ठेवलीय आणि आता मला विचारतायत की खरंच असं दिसतं का हो. मी काय सांगू? म्हणून एवढीच विनंती की असे फोटो छापाल तेव्हा खाली बारीक अक्षरात 'एक्सपोजर इतके सेकंद' छापा आणि एक ओळ द्या की डोळ्यांना हे बऱ्याचदा करडं दिसतं. टूरच्या जाहिराती तर तुम्हीच छापता, तिथे 'गॅरंटी' शब्द आला तर कशाची ते विचारायला काय हरकत आहे.

सोबत दोन फोटो पाठवतेय. दोन्ही दुसऱ्या रात्रीचे, एकाच जागेवरून, पाच मिनिटांच्या अंतराने. एक ह्यांचा, ३ सेकंद, हिरवा. दुसरा नणंदबाईंनी साध्या मोडवर हातात धरून काढलेला, त्यात काळा डोंगर आणि वर काहीतरी फिकट. छापणार असाल तर दोन्ही शेजारीशेजारी छापा, नुसता हिरवा छापू नका.

आपली,
एक जुनी वाचक
सहकारनगर, पुणे