काड्या कुणाच्या हातात?

संपादक महोदय,

कृतीतून शिक्षणावरचा, म्हणजे वस्तू हाताळत शिकण्यावरचा तुमचा परवाचा लेख वाचला, त्यातलं ‘कृतीतून प्रत्येक मूल शिकतंच’ हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. लेख चांगलाय. फोटोपण छान, मुलं फरशीवर गोल करून बसलीयेत, मध्ये काड्या आणि मणी. पण फोटो जरा नीट बघा, मुलं सात आहेत आणि काड्या दोघांच्याच हातात आहेत. बाकीची नुसती बघतायत. माझा मुलगा दोन वर्षं असाच बघत बसला.

त्याच्या शाळेत साहित्य भरपूर आहे, दशकाचे गठ्ठे (दहा-दहा काड्या रबराने बांधलेल्या), सुट्ट्या काड्या, मणीमाळा, खोट्या नोटा, सगळं. पण गटात जो चटपटीत असतो तो सगळं आपल्याकडे ओढतो, उत्तर सांगतो आणि बाई पुढच्या गटाकडे जातात. याला त्रेपन्न सांगितलं की हा 35 लिहिणार, कारण मराठीत तीन आधी ऐकू येतो ना. वहीत शेरा काय, तर ‘लक्ष नसते’. तिसरीत तपासणी केली तेव्हा कळलं की डिस्कॅल्क्युलिया आहे, म्हणजे आकडे आणि गणित समजायला अवघड जाणारी अध्ययन अक्षमता. 2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्नसाठी ‘पन्नास तीन’ असं वाचन दिलं होतं तेव्हा केवढी चेष्टा झाली, मीपण ते मेसेज पुढे पाठवले होते, आज त्याचं फार वाईट वाटतं.

आमच्या शेजारी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई राहतात. त्यांनी याला एकट्याला समोर बसवलं, चार गठ्ठे आणि दोन काड्या दिल्या, म्हणाल्या यातून सतरा काढून मला दे. हा बघत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला राहवेना, पण बाईंनी मला हातानेच गप्प बसवलं. मग त्याने स्वतःहून एका गठ्ठ्याचं रबर काढलं. पंचवीस उरले. घरी येऊन मला सांगतो, आई, हातचा घ्यायचा म्हणजे रबर सोडायचं! दोन वर्षं जे कळलं नव्हतं ते काड्या त्याच्या एकट्याच्या हातात आल्यावर कळलं.

आणि चाचणीला शाळा म्हणते काड्या चालणार नाहीत, आता तिसरीत आहे तो. 2016 च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता आहे हे मी सांगितलं, तर म्हणाले सवलत दहावीला मिळते, तेव्हा बघू. मधली सात वर्षं त्याने काय करायचं?

वर्गशिक्षिकेवर माझा राग नाही. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, त्यांच्या वर्गात 48 आहेत, दहा मिनिटं एकासाठी कशा थांबणार? पण मग ‘कृतीतून प्रत्येक मूल शिकतंच’ असं तुम्ही छापू नका. कुणाला गटातला गोंगाट सहन होत नाही, कुणाला तेच साहित्य अजून वर्षभर लागतं, कुणाला आधी बोलून दाखवायचं असतं. पुढच्या वेळी बातमीदाराला सांगा, वर्गात गेल्यावर मागे बसलेल्या मुलाला विचार, तुझ्या हातात काय होतं आज?

अजून एक. तुमचं रविवारचं मुलांचं पान, जांभळ्यावर पिवळी अक्षरं आणि तीपण बारीक. माझा मुलगा हौसेने पेपर उघडतो आणि दोन ओळींत मिटून ठेवतो. निदान गोष्ट तरी पांढऱ्यावर काळी आणि मोठ्या टाइपात छापा, या रविवारपासून जमलं तर बरं होईल.

— एक आई, सातारा