टॉकीज पाडा, पण आधी मोजून तरी घ्या

महोदय,

आमच्या भागातली बंद पडलेली टॉकीज पाडून तिथे दुकानांचे संकुल होणार, ही बातमी आपल्या दैनिकात वाचली. बातमीत जागेचा भाव होता, पार्किंगचा प्रश्न होता. इमारतीविषयी मात्र 'जुनी व मोडकळीस आलेली' एवढेच. मला तिचे रडगाणे गायचे नाही. छत गळते, मालकाला परवडत नाही, हे दिसतेच आहे. मल्टिप्लेक्सना सुरुवातीची वर्षे करमणूक कर माफ झाला, तेव्हाच एकपडदा टॉकीजवाल्यांचे गणित बसेनासे झाले होते.

नागपुरात टॉकीजची नावे पत्त्यात मुरलेली आहेत. व्हरायटी चौक, लिबर्टी चौक, पंचशील चौक म्हटले की ऑटोवाला पुढे काही विचारत नाही. पण ज्यांच्यावरून चौक ओळखले जातात त्या वास्तू आतून कशा होत्या, याची नोंद नव्या पिढीला कुठे बघायला मिळणार?

ऑपरेटरच्या केबिनचेच घ्या. सुरुवातीची फिल्म नायट्रेटची असे आणि ती पेटली की विझवणे जवळपास अशक्य. म्हणून केबिनच्या भिंती जाड, जिना प्रेक्षकांपासून वेगळा आणि पडद्याकडच्या चौकोनी झरोक्यांवर लोखंडी झडपा, आग लागताच खाली पडणाऱ्या. १९५० च्या सुमारास न भडकणारी फिल्म आली, पण बांधकामाची पद्धत तीच राहिली. आत सिनेमा दाखवणारी दोन यंत्रे शेजारी शेजारी. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला साडेतेरा हजार फूट फिल्म. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका दिसे, ऑपरेटर दुसरे यंत्र चालू करी, दुसऱ्या ठिपक्याला बदल. बदल चुकला की थर्ड क्लासमधून शिट्ट्या! यंत्रात दिव्यासारख्या जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा उजेड, त्यांचा धूर बाहेर काढणारे धुराडे, तिकिटाच्या रांगेचा लोखंडी पिंजरा, बायकांची वेगळी खिडकी, हे सगळे त्या इमारतीतच वाचता येते. डिजिटल आल्यावर यंत्रे भंगारात गेली, आता भिंतीही जातील.

कागदपत्रे मात्र कुठेतरी असायला हवीत. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून चित्रपटगृहाला परवाना लागतो आणि इथे तो देण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे होते. परवाना म्हटला की नकाशे, आसनसंख्या, तपासणी हे आलेच. करमणूक कराचा हिशोबही जिल्हाधिकारी कार्यालयातच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, राज्याचा तो कर त्यात गेला, आणि त्या फायलींचे रोजचे काम सरले. काम सरलेल्या फायलीचे सरकारी कपाटात काय होते, ते वेगळे सांगायला नको. शिवाय १९५६ पर्यंत नागपूर राजधानीचे शहर होते, त्यामुळे इथले दफ्तर एका शहरापुरते नसावे. प्रांत नकाशावरून जाऊन किती वर्षे झाली, तरी सिनेमाच्या धंद्यात 'सीपी बेरार' (मध्य प्रांत व वऱ्हाड) हे वितरण-विभागाचे नाव अजून चालतेच.

तेव्हा मागणी एवढीच. जुनी टॉकीज पाडायची परवानगी देताना महापालिकेने मोजमाप आणि छायाचित्रे घेण्याची अट घालावी. व्हीएनआयटीत वास्तुशास्त्र शिकणाऱ्या मुलांना हे काम दिले तर त्यांचाही अभ्यास होईल. नकाशे, तिकिटांची पुस्तके, एखादे प्रोजेक्टर अजब बंगल्यात ठेवावे. १८६३ पासूनच्या त्या संग्रहालयात शहराच्या करमणुकीला एक कपाट मिळायला हरकत नसावी. आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने परवान्यांच्या जुन्या फायली रद्दीत काढण्याआधी निदान त्यांची यादी जाहीर करावी.

आमच्या भागातल्या टॉकीजला अजून हातोडा लागलेला नाही. मालकाने किल्ली दिली तर मोजमाप पावसाळ्याआधी होऊ शकेल.

— एक वाचक, महाल, नागपूर